यादी लागण्याआधी

तरेबाई गेल्याची बातमी मला स्टाफच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळली. वरच्या मेसेजमध्ये कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक होता, खालच्यात सोमवारच्या सुपरव्हिजनचं वेळापत्रक, आणि मधे दोन ओळी. आपल्या महाविद्यालयाच्या माजी मुख्य लिपिक श्रीमती विजया तरे यांचे आंबिवली येथील राहत्या घरी हृदयविकाराने दुःखद निधन झाले. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. सवयीने मीही हात जोडले आणि फोन टेबलावर उपडा ठेवला. दुःख नंतर झालं. आधी राग आला, आणि आज सहा आठवडे होत आले तरी तो उतरलेला नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे. त्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये दहा मिनिटांची शोकसभा झाली. बाई शिस्तप्रिय होत्या, वक्तशीर होत्या, त्यांच्या हातून एकही फाइल कधी हरवली नाही, असं तीन जणांनी आलटून पालटून सांगितलं. बाईंनी आयुष्यभर खरोखर काय केलं, त्याबद्दल चकार शब्द नाही. का नाही, ते त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं, आणि मीही मान खाली घालून दोन मिनिटं उभा राहिलो आणि तासाला निघून गेलो.

मी ठाण्यातल्या एका कॉलेजात बावीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवतो. कॉलेजचं नाव मुद्दामच सांगत नाही, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की हे त्या एकाच कॉलेजात घडतं आणि तो निर्धास्तपणे पान उलटेल. तरेबाई आमच्या ऑफिसात होत्या. जाड भिंगांचा चष्मा, कडक इस्त्रीची सुती साडी आणि खिडकीपलीकडून येणारा खणखणीत आवाज. बोनाफाइड असो, हॉल तिकीट असो, दाखला असो, सगळं त्यांच्या खिडकीतून जायचं. त्यांच्या घरची माणसं मूळची आंबिवलीजवळच्या गावातली, आगरी. ऑफिसात त्या अगदी सरकारी पत्रातलं मराठी बोलायच्या, पण राग आला किंवा कुणाबद्दल जीव कळवळला की गावाकडची बोली तोंडात यायची. त्यामुळे बाई कुठल्या मराठीत बोलताहेत यावरून त्यांचा पारा किती चढलाय हे आम्हाला लांबूनच कळायचं.

त्यांची माझी खरी ओळख भांडणातून झाली. मला हजेरी समितीचं काम मिळालं होतं. ज्यांची हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली, त्यांची यादी करायची, तिच्यावर सही करायची आणि ती सूचनाफलकावर लावायला ऑफिसात द्यायची. या यादीला सगळेच डिफॉल्टर लिस्ट म्हणतात, म्हणजे नावापासूनच मुलं गुन्हेगार. मी मंगळवारी यादी दिली. बाई म्हणाल्या, "ठेवा, शुक्रवारी लावते." मला वाटलं, झालं, सरकारी खाक्या! दुसऱ्या दिवशी चार शब्द सुनावायला म्हणून गेलो तर बाई ऑफिसच्या फोनवर होत्या. समोर माझी यादी आणि काही नावांपुढे पेन्सिलीचे ठिपके. "जेवलास का रं बाला?" त्या विचारत होत्या. मग झोप लागते का, कॉलेजात कुणाशी बोलतोस, घरी कोण कोण असतं... आणि मग, पत्ता विचारावा तितक्या सरळपणे, "मरून जावं असं वाटतं का तुला कधी?"

मी फोन संपायची वाट पाहिली. त्यांनी फोन ठेवल्यावर म्हणालो, "अहो बाई, असं काय विचारता? त्याच्या मनात नसेल तर तुम्ही घालाल की!"

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पोटात दुखतं का विचारल्यावर कुणाच्या पोटात दुखायला लागतं का हो, सर?"

त्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून घेतलं आणि यादी वाचायला शिकवली. बावीस वर्षांत कुठल्याही कार्यशाळेत मला इतकं उपयोगी काही शिकायला मिळालेलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की जो पहिल्या दिवसापासून येत नाही त्याची फार काळजी करू नका, तो कुठेतरी मजेत असेल. बघायचं ते दोन वर्षं नेमाने येणाऱ्या आणि मधेच यायच्या बंद झालेल्या मुलाकडे. प्रॅक्टिकलची जर्नल वेळेवर देणारी मुलगी जर्नल देईनाशी झाली, तर तिच्या नावापुढे ठिपका. परीक्षेचा फॉर्म भरलाच नाही, ठिपका. वर्षाच्या मधेच कॉलेज सोडल्याचा दाखला मागायला आला, तर दोन ठिपके. ठिपकेवाल्यांना यादी लागण्याआधी स्वतः फोन करायचा, ज्यांचं बोलणं काळजीचं वाटेल त्यांना खिडकीशी नाही तर आत बोलवून बसवायचं, आणि गरज असेल तर त्यांच्यासोबत डॉक्टरकडे जायचं. सोबत म्हणजे खरोखर सोबत. अमक्या हॉस्पिटलात जा असं सांगून मोकळं व्हायचं नाही, रिक्षात शेजारी बसायचं. या कामाची कुठे नोंद नव्हती, त्याचा भत्ता नव्हता, सर्व्हिस बुकात त्याबद्दल एक ओळ नाही.

हे सगळं त्यांना सुचलं कुठून, असं मी एकदा विचारलं. खूप वर्षांपूर्वी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी ऐन जानेवारीत दाखला मागायला आली होती. बाईंचा तेव्हा ऑफिसात कामाच्या झपाट्याबद्दल लौकिक होता. दहा मिनिटांत दाखला तयार करून मुलीच्या हातात दिला, वर साहेबांची शाबासकीही मिळवली. दोन दिवसांनी कळलं, मुलीने जीव द्यायचा प्रयत्न केला. ती वाचली. बाई तिला बघायला हॉस्पिटलात गेल्या तर तिथल्या मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाई त्यांना भेटल्या. त्यांनीच सांगितलं की विचारायचं असतं, आणि सरळ शब्दांत विचारायचं असतं. आडून आडून विचारलं की मुलंही आडून आडून उत्तर देतात. विचारल्याने कुणी मरत नाही, उलट दार किलकिलं होतं. "दहा मिनिटांत दिला हो मी दाखला," बाई मला म्हणाल्या. "ऐन वर्षात कुठं चाललीस, येवढं एक विचारायला मना सुचलं नाय..." ती मुलगी आता संसारात आहे, दर दिवाळीला बाईंना फराळाचा डबा पाठवायची.

कुणाला वाटेल की बाई म्हणजे करुणेचा सागर वगैरे. छे! भयंकर खडूस बाई. एकदा एका मुलाच्या नावापुढे मी माझ्या अकलेने ठिपका दिला आणि मोठ्या गंभीरपणे त्यांच्याकडे गेलो. बाईंनी त्याला आत बोलावलं, अर्धा तास बसवलं, चहा पाजला आणि मग बाहेर येऊन मला म्हणाल्या, "त्याला काही झालेलं नाही सर, तो फक्त आळशी आहे. सकाळी उठवत नाही म्हणतो. त्याचं नाव सगळ्यात वर लावा." आणि खरंच लावायला लावलं. तो मुलगा आज डोंबिवलीत क्लास चालवतो आणि स्वतःच्या विद्यार्थ्यांना उशिरा आलं की वर्गाबाहेर उभं करतो, असं ऐकतो.

मग आमच्याकडे सॉफ्टवेअर आलं. हजेरी आपोआप मोजणार, टक्केवारी घसरली की पालकांच्या मोबाइलवर आपोआप मेसेज जाणार, यादी आपोआप निघणार. ते आणायची शिफारस करणाऱ्या समितीत मी होतो हे इथे लिहून ठेवतो, नाहीतर सगळा दोष दुसऱ्यांचा आहे असा समज होईल. मला खरंच वाटलं होतं की बाईंचा त्रास वाचेल. वाचला तो त्रास दुसऱ्यांचाच. दोन महिन्यांत बाईंना मेमो आला. कार्यालयीन वेळेत कार्यालयीन फोनवरून विद्यार्थ्यांशी व्यक्तिगत स्वरूपाचे संभाषण करू नये, पालकांना कळविण्याची व्यवस्था आता उपलब्ध आहे, तसेच समुपदेशन हे लिपिकाचे काम नव्हे. ते लिपिकाचं काम नव्हे, हे एकदम मान्य. मग ज्याचं काम आहे तो माणूस कुठे आहे, हे विचारायला नको होतं का? आमच्या कॉलेजात समुपदेशक म्हणून कुणीही नव्हतं. काम करणाऱ्या बाईला तेवढं थांबवलं आणि जागा रिकामीच ठेवली.

त्या वर्षी प्रणव तिसऱ्या वर्षाला होता. हे त्याचं खरं नाव नाही. डोंबिवलीचा मुलगा, शांत, पहिली दोन वर्षं पुढून दुसऱ्या बाकावर बसायचा. माझ्या तासाला त्याने एकदा प्रकाशाच्या वक्रीभवनावर असा प्रश्न विचारला होता की मला घरी जाऊन पुस्तक उघडावं लागलं. दिवाळीनंतर तो दिसेनासा झाला. माझ्या लक्षात आलं नाही. ऐंशी पोरांच्या वर्गात दुसरा बाक रिकामा होत नाही, तिथे लगेच कुणीतरी सरकतं. बाईंच्या मात्र लक्षात आलं. त्या जिना चढून माझ्या प्रयोगशाळेत आल्या, त्यांच्या गुडघ्यांना ते जिने झेपत नसत. "सर, या पोराचं बघा जरा. मना फोन करायची बंदी हाय."

मी म्हणालो, "घरी मेसेज गेलेत, बाई. सिस्टिममध्ये दिसतंय."

"घरी म्हंजे कुठं?" त्यांनी विचारलं.

मला तो प्रश्न कळला नाही. समोर बॅच उभी होती, प्रिझम मांडून झाले होते. बघतो म्हणालो. बघितलं नाही. यादीवर सही केली, यादी लागली, आणि त्यानंतर चौथ्या दिवशी प्रणव आत्महत्येने गेल्याचं कळलं.

त्या सकाळी प्राचार्यांच्या केबिनमध्ये आम्ही आठ-नऊ जण जमलो. तिथे विचारला गेलेला पहिला प्रश्न मी मरेपर्यंत विसरणार नाही. पहिला प्रश्न होता, "आवारात की बाहेर?" कुणीतरी म्हणालं, बाहेर. आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, खोलीतले खांदे सैल झाले. एका मुलाचा जीव गेला होता आणि आम्ही सुशिक्षित, पदव्या घेतलेली, मुलाबाळांची माणसं सुटकेचा श्वास सोडत होतो. मग फाइल आली. पालकांना सात मेसेज गेलेले, सातही पोचलेले, तारीखवार. कॉलेजने आपलं काम चोख केलं होतं. एक निवेदन तयार झालं, घरगुती कारण असावे असं त्यात होतं, आणि खाली आमच्या सह्यांच्या जागा.

तरेबाई तेव्हा कोपऱ्यात उभ्या होत्या. त्यांना बसायलाही कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी प्रणवचा प्रवेशाचा फॉर्म पुढे ठेवला आणि वडिलांच्या नंबरावर बोट ठेवलं. "हा वडिलांचा म्हणून लिहिलेला नंबर. आणि हा त्याने पहिल्या वर्षी लायब्ररीच्या कार्डावर स्वतःचा म्हणून लिहिलेला. बघा, एकच आहे." कुणाला काही कळेना. मग बाईंनी शांतपणे सांगितलं. अर्धी पोरं पालकांच्या रकान्यात आपलाच दुसरा नंबर लिहितात, नाहीतर मित्राचा, नाहीतर मामेभावाचा. घरी कळू नये म्हणून. ही गोष्ट खिडकीवर बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. केबिनमध्ये बसणाऱ्या कुणालाच नव्हती. म्हणजे ते सातही मेसेज वडिलांना गेलेच नव्हते. आपला पाल्य सातत्याने गैरहजर आहे, आपल्या पाल्यास परीक्षेस बसू दिले जाणार नाही... सात वेळा आम्ही हे त्या पोराला, एकट्याला, त्याच्या खिशात कळवलं होतं. आणि पोचल्याची पावती पुरावा म्हणून फाइलला लावली होती.

प्राचार्य म्हणाले, "हे मिनिट्समध्ये नको."

बाईंनी सही केली नाही. मी केली. का केली, याची कारणं मी तेव्हा स्वतःला पुष्कळ दिली, प्रमोशन जवळ होतं, संस्थेची बदनामी, आता सही न करून तो थोडाच परत येणार आहे... त्यातलं एकही कारण आज माझ्या तोंडून निघत नाही. सकाळी अकराचा पेपर ठरल्या वेळी सुरू झाला.

दशक्रियेनंतर बाई प्रणवच्या घरी निघाल्या तेव्हा मी त्यांच्याबरोबर गेलो. डोंबिवली पूर्वेला दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, कणकवलीकडची माणसं. वडील सगळा वेळ पंख्याकडे बघत होते. आई म्हणाली, "तो रोज डबा घेऊन निघायचा हो. आणि रिकामा आणायचा. मला वाटायचं, कॉलेजात जातोय." मग म्हणाली, "दोन महिने येत नव्हता, तर मला कुणीच कसं सांगितलं नाही, सर?" सात मेसेजची फाइल माझ्या डोळ्यांसमोर होती. मी मान खाली घातली. तरेबाईंनी मात्र त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं, "सांगायला हवं होतं. आम्ही नाही सांगितलं. चूक झाली आमची." कॉलेजच्या वतीने त्या घराला मिळालेलं एवढं एकच खरं वाक्य, आणि ते बोलायचा अधिकार बाईंना नव्हता म्हणून त्यांना दुसरा मेमो मिळाला.

जिना उतरताना मी म्हणालो, आपल्या यादीमुळे गेला पोरगा. बाई थांबल्या. म्हणाल्या, "तसं नका म्हणू. पोरगं एका कारणाने जात नाही, त्याच्या मनात काय काय होतं ते आपल्याला कधीच कळणार नाही. पण आजारी होतं ते, आणि आजाराला औषध होतं. दोन महिने त्याच्या आजाराची नोंद आपण रोज करत होतो, गैरहजर म्हणून. आणि विचारलं एकानेही नाही."

पुढे कॉलेजने जे केलं ते सांगताना हसावं की रडावं कळत नाही. समुपदेशन कक्ष उघडला. फीत कापली, फोटो छापून आले. बुधवारी दुपारी दोन तास एक मुलगी यायची, नुकतीच शिकून बाहेर पडलेली, बिचारी मनापासून काम करायची. पण कक्षाचं दार स्टाफरूमच्या बरोबर समोर, म्हणजे आत कोण गेलं ते सगळ्या गावाला दिसणार. सहा महिन्यांत तिने सोडलं, दुसरी नेमली नाही, आणि आता त्या खोलीत जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत. फीत कापल्याचा फोटो मात्र प्रत्येक मूल्यांकन अहवालात असतो. मग ताणतणाव व्यवस्थापनावर एक व्याख्यान झालं. मोठा कोट घातलेल्या वक्त्याने दीड तास मुलांना हसत राहा, सकारात्मक विचार करा, आईवडिलांचे कष्ट आठवा असं सांगितलं. ज्याला सकाळी अंथरुणातून उठवत नाही त्याला आईवडिलांचे कष्ट आठवायला सांगणं म्हणजे बुडणाऱ्याच्या गळ्यात धोंडा बांधणं. आणि कळस म्हणजे व्याख्यानाला हजेरी सक्तीची होती. जे आले नाहीत त्यांची नावं डिफॉल्टर लिस्टला गेली. बाईंनी ती यादी माझ्यासमोर धरली आणि पोट धरून हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या.

दोन वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या. शेवटची भेट त्यांच्या घरी, आंबिवलीला, गेल्या पावसाळ्यानंतर. अंगणात पापलेटं साफ करत बसल्या होत्या, मला बघून हात धुतले आणि जेवूनच जायचं म्हणून दरडावलं. जेवताना इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि दुसऱ्यांदा भात वाढून झाल्यावर त्यांनी इतक्या वर्षांत न विचारलेला प्रश्न विचारला. "तुम्ही सही का केलीत, सर?" मी हातातला घास पानात ठेवला. म्हणालो, घाबरलो, बाई. त्यांनी माशाचं भांडं जवळ ओढलं. मग म्हणाल्या, "मना तुमचा राग नाय आला तवा. कीव आली." आणि माझ्या पानात आणखी एक तुकडी वाढली. राग परवडला असता. ती कीव मी आंबिवलीहून ठाण्याला घेऊन आलो आणि ती अजून माझ्याकडेच आहे.

त्या गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात या सत्राची यादी माझ्यापुढे सहीला आली. बत्तीस नावांवर ठिपके द्यावे लागले. मी सही न करता यादी परत घेतली आणि नव्या प्राचार्यांना सांगितलं, की या बत्तीस जणांशी बोलून होईपर्यंत सही होणार नाही. ते सज्जन गृहस्थ आहेत, आवाज न चढवता म्हणाले, "सर, तुम्हाला समुपदेशनाचं काही ट्रेनिंग आहे का?"

"नाही," मी म्हणालो. "सही करायचं तरी कुठे होतं? शिकलेलं माणूस नेमा, पूर्ण वेळ, आणि खोलीतले गठ्ठे काढा. नेमेपर्यंत फोन मी करतो आणि डॉक्टरपर्यंत पोचवतो."

ते म्हणाले, विचार करू. करोत. मी प्रयोगशाळेत येऊन पहिला नंबर लावला. त्या मुलीची परवानगी घेऊन आणि तिची ओळख पटणार नाही अशा बेताने पुढचं लिहितो आहे. तिने फोन उचलला, मागे गाड्यांचे आवाज होते. जेवलीस का, झोप लागते का, इथपर्यंत मी नीट आलो. मग अडलो. पन्नाशी उलटलेला माणूस मी, रोज चार तास बोलून पोट भरतो, आणि सहा शब्द निघेनात. शेवटी डोळे मिटून विचारलं, "तुला मरून जावं असं वाटतं का?"

पलीकडे काहीच नाही. गाड्यांचे आवाज. मला वाटलं, फोन कट झाला. आणि मग अगदी हळू, "हो, सर."

"कुठे आहेस आत्ता?"

"खोपटला. एसटी डेपोत."

"तिथेच बस. मी निघालोय. फोन चालू ठेव."

रिक्षात मी तिच्याशी काय बोललो ते आठवत नाही. मधेच तिच्या मागे कंडक्टर भिवंडी, भिवंडी ओरडला तेव्हा मला केवढा धीर आला, म्हणजे ती अजून डेपोतच होती. ती फलाटाच्या टोकाच्या बाकावर होती, सॅक मांडीवर, साधी नेहमीसारखी मुलगी. महिनाभर ती रोज घरून निघायची, तिथे उतरायची आणि कॉलेजपर्यंत जायचीच नाही. संध्याकाळच्या बसने परत. आधी कुणाला सांगू, असं मी विचारलं. ती म्हणाली, आई नको, आत्या. आत्याला मी फोन लावून दिला, ती कळव्याहून निघाली. ती आल्यावर मुलीला घेऊन आम्ही दुपारीच डॉक्टरांकडे गेलो. औषध सुरू आहे, आईलाही आता माहीत आहे, मुलगी हळूहळू सावरते आहे. पण हे सगळं नंतर. आत्या यायला वेळ होता, आम्ही दोघं चहाचे कप धरून बाकावर बसलो होतो. तिने पहिला प्रश्न विचारला तो हा.

"सर, लिस्ट लागली?"

"नाही."

"कधी लागणार?"

"सगळ्यांशी बोलून झाल्यावर. अजून एकतीस जण आहेत."

तिने सॅक मांडीवरून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मग तुम्ही जा ना, सर. त्यांना करा फोन. मी बसते इथे."

"तुझी आत्या आल्याशिवाय मी हलणार नाही," मी म्हणालो.

तिने मान डोलावली, आणि चहा प्यायला सुरुवात केली.